आपत्काल, बँक आणि उपनगर : मुंबईतील पूर्वसिद्धतेच्या इतिहासाचे एक प्रकरण

१

मुंबई उपनगर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला मनोरी हे गाव आहे. त्याच्या एका अंगाला समुद्र आहे आणि दुसऱ्या अंगाला खाडी. खाडीपलीकडे मार्वे, आणि त्यामागे मालाड. मनोरीहून शहराकडे जाण्याचे मार्ग दोन : मार्व्याची तर, किंवा गोराई-उत्तनवरून भाईंदरला वळसा घालून जाणारा रस्ता. नकाशावर पाहता खाडीचे पात्र अगदी अरुंद दिसते; परंतु तर बंद पडली म्हणजे काही मिनिटांची वाट कित्येक कोसांची होते. बृहन्मुंबईत राहूनही मनोरीच्या माणसाला अंतर या गोष्टीचा जो अनुभव असतो, तो फोर्टातील कचेऱ्यांत बसणाऱ्यांना सहसा येत नाही.

बँकांच्या आपत्कालीन पूर्वसिद्धतेचा इतिहास पाहू जाता हा अंतराचा प्रश्न पुनःपुन्हा समोर येतो. बँक, तिच्यावर देखरेख करणारी नियामक संस्था आणि संकटस्थळी प्रथम धावून जाणारी स्थानिक यंत्रणा (म्हणजे महापालिका, अग्निशामक दल, पोलीस व स्वतः रहिवासी) या तिघांचा परस्परसंबंध मुंबईत कसा जुळत गेला आणि कोठे तुटक राहिला, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. त्यासाठी २६ जुलै २००५ ची अतिवृष्टी ही मध्यवर्ती घटना धरली आहे. तथापि तिचा अर्थ लागण्यासाठी थोडे मागे जाणे अवश्य आहे.

२

आपत्तीची तरतूद ही आधुनिक बँकेने प्रथम केली असे नाही. पश्चिम किनाऱ्यावरील पेढ्यांच्या व्यवहारात जोखमी हुंडी नावाचा एक प्रकार होता. माल गलबतावर चढविल्यानंतर ही हुंडी लिहिली जाई. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे देय होत, आणि गलबत बुडाले तर तो तोटा हुंडी घेणाऱ्याने सोसावयाचा असे. कर्ज आणि विमा ही दोन्ही अंगे एकाच कागदात सामावलेली होती. नावातील ‘जोखीम’ हा शब्द येथे लक्षात घेण्याजोगा आहे : संकट येणारच, ते कोणी उचलावयाचे हे आधी ठरवावे, असा त्याचा भाव आहे. ‘तगाई’ या शब्दामागचा भाव निराळा. दुष्काळ पडला किंवा बैल मेले म्हणजे सरकारने रयतेला द्यावयाचे ते तगाईकर्ज. १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी त्याला निश्चित रूप आले. जोखमी हुंडी संकटापूर्वीची आहे व तगाई संकटानंतरची. पुढील दीडशे वर्षांत बँकविषयक आपत्कालीन धोरण या दोन टोकांमध्ये फिरत राहिलेले दिसते.

मुंबईच्या बँकांवर आलेली पहिली मोठी अरिष्टे नैसर्गिक नव्हती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे येथील कापसाला अतोनात भाव आला, त्या पैशावर शेअरांचा सट्टा माजला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो सारा डोलारा कोसळला. १ जुलै १८६५ हा देण्याघेण्याचा ठरलेला दिवस शहराच्या इतिहासात काळा दिवस ठरला. १८४० साली स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेचे भांडवल या पडझडीत बुडाले. ती मोडून १८६८ मध्ये त्याच नावाची नवी बँक उभी करावी लागली. या बँकेत सरकारचे भाग होते आणि संचालक मंडळावर सरकारने नेमलेले सभासद बसत असत. देखरेख करणारा आणि देखरेखीखालचा हे दोघे एकाच मेजाशी बसलेले असूनही संकट टळले नाही. याचे एक कारण असे, की १८६३ च्या कायद्याने बँकेवरील जुनी बंधने सैल झाली होती आणि शेअरांच्या तारणावर सढळ हाताने कर्जे दिली गेली होती. केवळ सान्निध्य म्हणजे सहकार्य नव्हे, हा धडा येथे प्रथम मिळतो.

१९१३ मध्ये इंडियन स्पेसी बँक बुडाली, तेव्हा तर आधाराला मध्यवर्ती बँकच नव्हती. १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँकेचे कार्य सुरू झाले आणि १९३७ मध्ये तिचे मध्यवर्ती कार्यालय कायमचे मुंबईत आले. यानंतरचा महत्त्वाचा टप्पा १९६० चा होय. त्या वर्षी पलाई सेंट्रल बँक व लक्ष्मी बँक या दोन बँका बुडाल्या आणि ठेवीदारांत घबराट पसरली. त्यातून ठेव-विम्याची कल्पना मूर्त झाली : १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा महामंडळ काम करू लागले व दर ठेवीदारामागे १,५०० रुपयांपर्यंतची ठेव सुरक्षित झाली. जोखमी हुंडीचे तत्त्व येथे सार्वजनिक रूपात परत आले असे म्हणावयास हरकत नाही. मात्र ही सर्व सिद्धता विश्वासाच्या आपत्तीसाठी होती. पाणी, आग, वीज आणि वाट यांच्या आपत्तीचा विचार अद्याप बँकव्यवस्थेच्या कक्षेत आलेला नव्हता.

३

तो विचार आला तो शेतीच्या मार्गाने. डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९६९ मध्ये बँकांच्या कार्याला क्षेत्राची बैठक असावी असे सुचविले, नरिमन समितीने तीच दिशा पक्की केली, आणि त्या वर्षाच्या अखेरीस अग्रणी बँक योजना अमलात आली. दर जिल्ह्याला एक अग्रणी बँक, आणि पुढे जिल्हाधिकारी व बँका यांना एकत्र आणणारी जिल्हा सल्लागार समिती, अशी रचना उभी राहिली. महापूर, दुष्काळ, चक्रीवादळ या प्रसंगी बँकांनी काय करावे याविषयी रिझर्व्ह बँकेने जी मार्गदर्शक तत्त्वे वेळोवेळी दिली, त्यांचा पहिला दुवा हीच समिती होती. आपत्ती कोसळताच समितीची बैठक बोलवावी, नुकसानीचा अंदाज घ्यावा, कर्जाच्या परतफेडीची फेरमांडणी करावी, उपभोगासाठी लहान कर्जे द्यावीत, आणि जरूर तर दुसऱ्या जागेतून शाखा चालवावी, असा तो क्रम होता.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहिली पाहिजे. अग्रणी बँक योजना ग्रामीण व निमशहरी भागासाठी आखलेली होती. महानगरी क्षेत्रे तिच्यातून वगळलेली होती. त्यांचा समावेश २०१३ मध्ये झाला. म्हणजे ज्या नगरात रिझर्व्ह बँकेचे मध्यवर्ती कार्यालय होते, देशातील कित्येक मोठ्या बँकांची मुख्यालये होती, त्याच नगरात बँक आणि स्थानिक शासन यांना आपत्तीच्या दिवशी समोरासमोर बसविणारी ही समिती नव्हती. एखाद्या दुष्काळी जिल्ह्यात जी सोय होती ती अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर यांच्या वाट्याला आली नव्हती. महानगराला तगाईची गरज पडत नाही, असे त्यामागचे गृहीत असावे. २००५ च्या पावसाने ते खोडून काढले.

४

२६ जुलै २००५ रोजी दुपारनंतर उपनगरांवर जो पाऊस कोसळला त्याची नोंद सर्वज्ञात आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रुझ वेधशाळेत ९४४.२ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच काळात कुलाब्याची नोंद सुमारे ७३ मिलिमीटर होती. मिठी नदीने आपले पात्र सोडले, साकीनाक्यास दरड कोसळली, लोकलगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या, विमानतळ तीस तासांहून अधिक काळ बंद राहिला. मुंबईसह राज्यात या पावसाने एक हजारांहून अधिक बळी घेतले.

या दोन आकड्यांतील तफावत बँकव्यवस्थेच्या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे. निर्णय घेणारी कार्यालये बहुशः दक्षिण मुंबईत, म्हणजे तुलनेने कोरड्या भागात होती. उपनगरांतील शाखा, तेथील ग्राहक आणि फोर्टातील कचेऱ्यांत काम करणाऱ्या सेवकांची घरे ही सर्व पाण्यात होती. नियंत्रणकेंद्र शाबूत आणि हातपाय तुटलेले, अशी ती अवस्था होती. २६ तारखेच्या दुपारपासून मुंबईतील अनेक बँकांची पैसे देणारी स्वयंचलित यंत्रे बंद पडली. एवढेच नव्हे, तर त्यांच्या मध्यवर्ती संगणकप्रणाली मुंबईत असल्यामुळे, आणि त्यांच्याशी असलेला संपर्क तुटल्यामुळे, देशाच्या इतर भागांतही २६ व २७ जुलैला ही यंत्रे चालू शकली नाहीत. राज्य शासनाने २७ व २८ जुलै हे दिवस सार्वजनिक सुटीचे जाहीर केले. सुटीमुळे बँकांवरील ताण हलका झाला खरा. पण ज्या घरात धान्य भिजले होते आणि हाताशी रोकड नव्हती, त्या घराची अडचण सुटीने सुटणारी नव्हती.

रिझर्व्ह बँकेने या विषयाकडे दुर्लक्ष केले होते असे मात्र म्हणता येणार नाही. १५ एप्रिल २००५ रोजी, म्हणजे अतिवृष्टीच्या सुमारे साडेतीन महिने आधी, तिने बँकांना व्यवसाय-सातत्याच्या नियोजनासंबंधी परिपत्रक पाठविले होते. संचालक मंडळाने धोरण मंजूर करावे, एका वरिष्ठ अधिकाऱ्यावर समन्वयाची जबाबदारी सोपवावी, महत्त्वाची कामे किती वेळात पूर्ववत होतील ते ठरवावे, आणि योजनेची वेळोवेळी चाचणी घ्यावी, असा त्याचा आशय होता. आशय योग्यच होता. परंतु या प्रकारच्या योजनांत संकटाचे जे चित्र गृहीत असते ते बहुधा एका इमारतीचे असते : आग लागली, यंत्र बिघडले, तर दुसऱ्या इमारतीतून काम सुरू करावे. २६ जुलैला इमारती उभ्या होत्या. नाहीशी झाली होती ती वाट. आणि ज्या माणसाने दुसऱ्या ठिकाणी जाऊन काम हाती घ्यावयाचे तो माणूस गाडीत, रस्त्यावर किंवा अनोळखी घरात अडकलेला होता.

त्या रात्री स्थानिक प्रतिसादाचे खरे काम कोणी केले, हेही सांगितले पाहिजे. महापालिकेची व अग्निशामक दलाची शक्ती जेथे पोहोचू शकली नाही तेथे वस्तीतील लोकांनी दोर बांधून वाट दिली, अडकलेल्यांना घरात घेतले, चहा-बिस्किटे वाटली. या व्यवहारात पैशाचे स्थान उसनवारीने घेतले. उधारीची वही, ओळखीचा शब्द आणि शेजार, म्हणजेच ‘पत’ या शब्दाचा मूळचा अर्थ, त्या दोन दिवसांत पुन्हा प्रत्ययास आला. बँकेची पत ताळेबंदात असते. वस्तीची पत ओळखीत असते. पहिली थांबली तेव्हा दुसरीने काम चालविले. पण जो परगावचा होता, नुकताच आलेला होता, ज्याची कोणाशी ओळख नव्हती, त्याला दोन्हींचा आधार नव्हता, हे विसरता कामा नये.

५

अतिवृष्टीनंतर तपास आणि कायदा अशा दोन दिशांनी काम झाले. डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने मार्च २००६ मध्ये अहवाल दिला. त्याचा भर स्वाभाविकपणे नद्या, नाले आणि पर्जन्यजलाचा निचरा यांवर होता. डिसेंबर २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन अधिनियम संमत झाला. त्यान्वये जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे आले, आणि पोलीस व वैद्यकीय विभागांचे प्रमुख त्याचे सभासद झाले. या सभासदांच्या यादीत बँकेचा प्रतिनिधी नाही. अधिनियमाच्या १३ व्या कलमात, २०२५ मध्ये ते वगळले जाईपर्यंत, बँकव्यवहाराचा संबंध येत असे, तो भीषण आपत्तीत कर्जफेडीला सवलत किंवा नवे कर्ज सवलतीने देण्याची शिफारस राष्ट्रीय प्राधिकरणाने करावी, एवढ्यापुरता. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने बँक ही संकटानंतर उपयोगी पडणारी संस्था होती. संकटाच्या दिवशी पाणी, वीज, औषध यांच्याप्रमाणे रोकडही पोहोचली पाहिजे, ही कल्पना त्यात दिसत नाही. तगाईची छाया येथे स्पष्ट होती.

याउलट नियामकाच्या बाजूने यंत्रसिद्धतेचा विचार उत्तरोत्तर सूक्ष्म होत गेला. २०११ मध्ये माहिती-सुरक्षेसंबंधी सविस्तर सूचना निघाल्या, त्यांत व्यवसाय-सातत्याला स्वतंत्र स्थान मिळाले. २०१६ मध्ये सायबर-सुरक्षेची चौकट आली. ७ नोव्हेंबर २०२३ च्या निर्देशांनी, जे १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले, महत्त्वाच्या प्रणालींसाठी पर्यायी केंद्रावरून काम चालविण्याच्या कवायती निदान सहा महिन्यांतून एकदा घेण्याचे बंधन घातले. २०१८ च्या निर्देशांत नैसर्गिक आपत्तीच्या वेळी तात्पुरत्या जागेतून शाखा चालविणे, फिरत्या शाखा नेणे, बंद यंत्रे त्वरित सुरू करणे, आणि कागदपत्रे वाहून गेलेल्यांची खाती सुलभतेने उघडणे या तरतुदी एकत्र केलेल्या होत्या. यांतील शेवटची तरतूद विशेष मानवी आहे. कारण पुरात ओळखपत्र गेले की माणूस बँकेच्या लेखी अनोळखी होतो.

या काळात अंतर कमी करण्याचेही प्रयत्न झाले. जानेवारी २००६ मध्ये बँकांना शाखेबाहेर व्यवहार-प्रतिनिधी नेमण्याची मुभा मिळाली. जानेवारी २०२२ मध्ये संपर्कजाल नसतानाही लहान रकमा देता याव्यात यासाठी चौकट तयार झाली. तिची मर्यादा प्रारंभी एका व्यवहारास २०० रुपये होती. रिझर्व्ह बँकेच्या २०२२-२३ च्या वार्षिक अहवालात तर अत्यल्प माणसांनी, कोठूनही, नेहमीच्या तंत्रव्यवस्थेवाचून चालविता येईल अशा हलक्या प्रदानप्रणालीची कल्पना मांडली गेली. युद्ध किंवा महाभयंकर आपत्ती यांसाठी ती कल्पिली आहे.

६

आपत्तीचे दुसरे रूप उपनगरांनी २०१९ मध्ये पाहिले. भांडुप येथे मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. या बँकेत अकरा हजार कोटी रुपयांहून अधिक ठेवी होत्या. प्रथम ठेवीदाराला एकूण १,००० रुपयेच काढता येतील असे ठरले. मग ती मर्यादा थोड्याच दिवसांत १०,००० वर, पुढे टप्प्याटप्प्याने ५०,००० वर, आणि जून २०२० मध्ये एक लाखावर नेण्यात आली. या वेळी आकाश निरभ्र होते, गाड्या चालू होत्या, इमारत जागेवर होती. परंतु ठेवीदाराच्या दृष्टीने परिणाम तोच झाला. स्वतःचा पैसा स्वतःच्या हाती येईना. येथे नियामक हाच संकटकालीन कार्यवाही करणारा होता, आणि शाखांच्या दारांशी जमलेल्या चिंताक्रांत लोकांना आवरणे हे काम पोलिसांकडे आले. ज्याने निर्णय घ्यावयाचा आणि ज्याने त्याच्या परिणामांना तोंड द्यावयाचे ते दोघे पुन्हा एकदा भिन्न ठिकाणी उभे होते.

या प्रकरणातून कायद्यात दोन महत्त्वाचे बदल झाले. २०२० मध्ये सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढविण्यात आले. आणि २०२१ मधील दुरुस्तीने, निर्बंध घातलेल्या बँकेच्या ठेवीदाराला विम्याची रक्कम नव्वद दिवसांत मिळावी अशी व्यवस्था झाली. ठेव-विम्याची मर्यादा त्यापूर्वीच, फेब्रुवारी २०२० मध्ये, एक लाखावरून पाच लाखांवर गेली होती. २५ जानेवारी २०२२ रोजी ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. नव्वद दिवस ही मुदत पूर्वीच्या अनिश्चिततेशी तोलता मोठी सुधारणा आहे. तथापि रुग्णालयाचे देणे नव्वद दिवस थांबत नाही, हेही तितकेच खरे.

लगोलग आलेल्या साथीने तिसरी परीक्षा घेतली. १७ एप्रिल २०२० च्या निवेदनात रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी सांगितले, की अधिकारी, सेवक व सेवा पुरविणारे मिळून १५० जण कुटुंबांपासून दूर विलग राहून अत्यावश्यक कामे चालवीत आहेत. २००५ मध्ये नसलेली तयारी ती हीच : माणसांना आधीच कामाच्या जागी आणून ठेवणे. परंतु ही सोय केंद्राची होती. मुंबईत अत्यावश्यक सेवकांसाठी १५ जून २०२० पासून लोकलगाड्या धावू लागल्या, आणि राष्ट्रीयीकृत बँकांच्या सेवकांचा स्पष्ट उल्लेख असलेली वाढीव यादी १ जुलैपासून अमलात आली. बँकसेवा अत्यावश्यक मानणे आणि ती देणाऱ्याला गाडीत चढू देणे, या दोन गोष्टी दोन निराळ्या कचेऱ्यांच्या हाती असतात, हे त्या पंधरवड्याने दाखविले.

७

या सर्व विवेचनातून पूर्वसिद्धतेचे तीन थर स्पष्ट होतात. पहिला यंत्राचा : प्रणाली चालू राहणे. दुसरा विश्वासाचा : ठेव सुरक्षित असणे. तिसरा अंतराचा : पैसा माणसापर्यंत, किंवा माणूस पैशापर्यंत, पोहोचणे. पहिल्या थराची कवायत नियामक घेतो. दुसऱ्याची तरतूद १९६२ पासून वाढत आलेली आहे. तिसरा थर मात्र कोणा एकाच्या कक्षेत नाही. बँक आपल्या दारापर्यंत पाहते, महापालिका रस्त्यापर्यंत पाहते, रेल्वे स्थानकापर्यंत पाहते. या सीमांमधील जागा आपत्तीच्या दिवशी सर्वांत रुंद होते.

मराठीत ‘अधिकोष’ हा शब्द घडविला गेला, पण तो रुजला नाही, ‘बँक’ रुजली. ‘व्यवसाय-सातत्य’ हा शब्दही परिपत्रकांबाहेर फारसा गेलेला नाही. त्याचे कारण शब्दाच्या कठीणपणात शोधण्यापेक्षा त्याच्या कक्षेत शोधावे लागेल. त्या शब्दात व्यवसाय आहे, सातत्य आहे. ज्याच्यासाठी ते सातत्य राखावयाचे तो खातेदार त्यात नाही. ‘जोखीम’ हा शब्द टिकला, कारण ती कोणी उचलावयाची हे त्यात प्रथमपासून अभिप्रेत होते.

२०१३ नंतर मुंबईच्या दोन्ही जिल्ह्यांत अग्रणी बँकेची चौकट लागू झाली आहे. बँक, जिल्हा प्रशासन आणि महापालिका यांनी एकत्र बसण्याची जागा त्यामुळे कागदावर तरी निर्माण झाली. ती केवळ कर्जवाटपाच्या आकड्यांसाठी वापरावयाची, की पावसाळ्यापूर्वी कोणत्या वस्तीत रोकड कशी पोहोचेल, कोणत्या शाखेचे काम कोठून चालेल आणि किल्ली ज्याच्याजवळ आहे तो सेवक राहतो कोठे, एवढे साधे प्रश्न विचारण्यासाठीही वापरावयाची, यावर पुढील इतिहास अवलंबून राहील. त्या प्रश्नांची परीक्षा फोर्टात व्हावयाची नाही. ती मार्व्याच्या धक्क्यावर, तर बंद असलेल्या दिवशी, पलीकडे मनोरीला उभ्या असलेल्या खातेदाराच्या बाजूने व्हावयाची आहे.